कापणी आली की डबा बोंबलतो

इंद्रायणीचा वास भात शिजल्यावर येतो, असं शहरातली माणसं समजतात. तो उभ्या पिकालाही येतो. आमच्या उत्रोलीत दिवाळीच्या आगेमागे सकाळी दार उघडलं की दवानं भिजलेल्या रानातून तो थेट अंगणात येतो. आज आला. आणि माझा हात आपोआप खिशातल्या मोबाईलवर गेला. इतकं वाटोळं झालंय माझं. लोकांना ह्या वासानं लहानपण आठवत असेल, आईच्या हातचा नवा भात आठवत असेल. मला पंप आठवतो.

मी फिटर आहे. किकवीच्या पुढं हायवेला लागून दुधाचा कारखाना आहे, तिथं पंप, मोटरी, कॉम्प्रेसर चालते ठेवायचं काम माझ्याकडं. रोज गाडीवर जातो, गाडीवर येतो. उकळत्या दुधाचा वास कपड्यांत इतका मुरलाय की गावातली मांजरं माझ्या मागं येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार डब्याबद्दल आहे.

डबा म्हणजे पावडरच्या डबीच्या झाकणाएवढी एक पांढरी वस्तू. खाली लोहचुंबक, आत बॅटरी. पंपाच्या अंगाला नुसती टेकवली की चिकटते. वायर नाही, काही नाही. यंत्र किती थरथरतंय, किती तापलंय, हे ती बसल्या जागी मोजत राहते आणि हवेतून भिंतीवरच्या मोठ्या खोक्याला कळवते. तिथून ती बातमी पुण्याच्या ऑफिसात जाते, साहेबांच्या टेबलावर जाते आणि माझ्या खिशात येते. ठीक असेल तर हिरवं. कुरकुर वाढली की पिवळं. त्यापुढं लाल, आणि लाल झालं की मोबाईल असा बोंबलतो की शेजारच्या खाचरातला बैल मान वर करून बघतो. त्या वस्तूचं खरं नाव सेन्सर. आम्ही डबा म्हणतो, आणि लाडानं म्हणत नाही.

हे डबे आले त्या वर्षी साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये बोलावून भाषण केलं होतं. आता मशीन स्वतःच सांगेल तिला काय होतंय. तासातासाच्या फेऱ्या बंद. उगाच पायपीट कशाला? कापणीला हक्कानं रजा घ्या, डबे आहेत ना! आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो.

पूर्वी फेरी असायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतली गुरगुर ऐकायची. हाताचा पंजा मोटरीवर ठेवून ताप बघायचा. उगाच फुशारकी नको, ह्याच कानांच्या भरवशावर माझ्या देखत मोटरी जळाल्या आहेत आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण फेरीत एक सोय होती. फेरी कुणीही करू शकायचं. भोरचा राजू माझ्याबरोबरचा फिटर. चौदा एप्रिलला त्याच्या वस्तीत मिरवणूक असायची, त्या दिवशी त्याचं काम मी करायचो. कापणीला माझं तो. कुणाला विचारायचं नाही, कुठं लिहायचं नाही. साहेबांना कळायचं ते त्याला माझ्या जागी बघून, आणि तेही हूं म्हणून पुढं जायचे.

डब्याला ही भाषा येत नाही. प्रत्येक पंप एकेकाच्या नावावर लावला गेला. लाल झालं की त्याच माणसाच्या मोबाईलवर येणार, आणि त्यानं पंपापाशी जाऊन तिथल्या चौकोनी चित्रावर स्वतःचा मोबाईल धरल्याशिवाय बोंब थांबणार नाही. राजू पंप दुरुस्त करू शकत होता, पण माझ्या नावाची बोंब बंद करू शकत नव्हता. हे कुणाच्या डोक्यातून निघालं मला माहीत नाही. ज्याच्या निघालं त्याच्या घरी शेत नसणार, आणि राजूसारखा दोस्तही नसणार.

कंपनीत जशी आमची अदलाबदल, तशी गावात सावड. आमची खाचरं लहान, उतरती, एकाखाली एक. मजूर लावून परवडत नाही, आणि मजूर मिळत तरी कुठं? म्हणून आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या सगळ्यांनी माझ्या. माणसाला माणूस, विळ्याला विळा. पैशाचं नाव नाही. ज्याचं रान, त्याच्या घरची भाकरी, सुकटीची चटणी आणि वांग्याचं कालवण. कुणाची पाळी कधी, हे तात्या ठरवतात. तात्या म्हणजे माझे चुलत चुलते, वरच्या खाचराचे मालक. सकाळी बांधावर उभे राहून ते माणसं मोजतात आणि ज्याला त्याला ओळ धरून देतात. कुणाला यायला जमलं नाही तर त्यानं आपल्या जागी घरातलं दुसरं माणूस धाडायचं. दोन्ही चुकलं, की सावड मोडली. मोडल्यावर भांडण होत नाही. नुसतं तुमच्या पाळीला कुणी येत नाही, आणि पिकलेलं भात तुमची वाट बघत थांबत नाही.

त्या वर्षीची गडबड सुरू झाली खंडेनवमीला. आमच्या कंपनीत खंडेनवमी म्हणजे अर्धा दिवस सगळं बंद. यंत्रं धुवायची, पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. शंकरमामा आमच्यातले सगळ्यात जुने फिटर, पूजा तेच करायचे. त्यांनी पाट मांडला, त्यावर धुतलेलं फडकं घातलं, पाने, हातोड्या, पक्कडी ओळीनं लावल्या. मग पंपांकडं बघून म्हणाले, “ते डबे बी काढून आना. ती बी हत्यारंच की.”

“मामा, त्यो हत्यार न्हाई,” मी म्हणालो. “चुगलखोर हाय.”

“आसू दे. देवाला चुगलखोर बी चालतोय.”

सगळे हसले. डबे पटापट उपटले गेले, ओल्या फडक्यानं पुसले गेले आणि पाटावर पान्यांच्या शेजारी बसले. मामांनी एकेकाला हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. नारळ फुटला, पेढे वाटले. साहेबसुद्धा पायातले बूट काढून हात जोडून उभे होते. मग आम्ही डबे उचलले आणि पुन्हा पंपांना चिकटवून टाकले. सगळे एकसारखे, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक आकडा असतो आणि ज्याचा त्यालाच लावायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पान्याला कुठं घर असतं? पाटावरून उचलला की लागेल तिथं वापरायचा.

दिवाळी सरली आणि रान पिकलं. तात्यांच्या रानाची पाळी पहिली. धुकं होतं, विळा हातात धरवत नव्हता इतका गार. भाताची पात मनगटावर ओरखडत होती. बाया पुढं, गडी मागं, कापलेल्या भाताच्या कवळ्या पडत होत्या, आणि कुणीतरी कुणाच्या तरी लग्नाची चेष्टा चालवली होती. मला असं वाकून काम करायला आवडतं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात खिशात बोंब झाली. लाल. दुधाचा मोठा पंप.

मी विळा बांधावर टाकला आणि गाडीला किक मारली. कंपनीत पोहोचलो, पंप बंद करवला, खोलला. आत काही नव्हतं. बेअरिंग नव्या नवरीसारखं चकचकीत. पुन्हा जोडून चालू केला, मोबाईल धरला, हिरवं झालं नाही पण बोंब तरी थांबली. घरी आलो तर तात्यांचं रान कापून झालं होतं आणि माणसं हातपाय धूत होती.

पुढच्या पाळीला खालच्या आळीचं रान. पुन्हा तेच. सकाळीच लाल, तोच पंप. ह्या खेपेला मी चांगलं बेअरिंग काढून नवंकोरं घातलं, निव्वळ रागानं. तरी लाल. राजू म्हणाला, “दत्ता, ह्यो डबाच येडा झालाय. काढून फेकू का?” मी तसंच साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी खुर्चीतून मान वर न करता उत्तर दिलं.

“सेन्सर खोटं बोलत नाही, दत्ता. तुम्हाला पंप नीट बघता येत नाही.”

इतकी वर्षं पंप खोलणाऱ्या माणसाला हे ऐकायला कसं वाटतं, ते मी सांगत बसत नाही. हातात पाना होता, एवढंच सांगतो. तो मी खिशात घातला.

संध्याकाळी गावात आलो. तात्या पारावर बसले होते. मी म्हणालो, “तात्या, उद्या माझी पाळी. माणसं येतील न्हवं?”

तात्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडं बघितलं. “दोन डाव तू न्हाईस. घरातलं बी कुनी न्हाई.”

“बायको तापानं पडली हुती, तात्या. आन् मी तर आलोच हुतो. कंपनीचा फोन आला.”

“फोन आला म्हनून विळा टाकून गेलास. मानूस न्हाई तर न्हाई, तुज्या जागी त्यो डबा तरी धाडायचा.”

पारावरचे हसले. मला हसू आलं नाही. मी डब्यावर चिडलो होतो, साहेबांवर चिडलो होतो, आणि त्या क्षणी तात्यांवरही चिडलो. कुणीच खोटं बोलत नव्हतं आणि तरी सगळे मिळून मला गुन्हेगार ठरवत होते. लोक म्हणतात, तंत्रज्ञान तटस्थ असतं, वापरणारा चांगला-वाईट. त्यांनी एकदा कापणीच्या दिवसांत ते खिशात घालून बांधावर उभं राहावं.

माझ्या पाळीला बांधावर आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी बायको सुनंदा. ती तापातून नुकती उठलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. वाटेकडं बघायचं नाही असं दोघांनीही न बोलता ठरवलं होतं. कापायला लागलो. पश्चिमेला रायरेश्वराच्या अंगाला आभाळ काळवंडत चाललं होतं. कापलेलं भात भिजलं की दाण्याला कोंब येतात, वर्षभराचं खाणं कुजतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. आणि मोबाईल वाजला. ह्या वेळी बोंब नव्हती, साहेबांचा फोन होता. डब्यांच्या कंपनीच्या मॅडम पुण्याहून आल्यात, ताबडतोब या.

“जावा,” सुनंदा म्हणाली. वर बघितलं नाही तिनं. मी गेलो. का गेलो? नोकरी होती म्हणून. 

मॅडम तिशीतली बाई. पायात सेफ्टी शूज, खांद्याला लॅपटॉप. अदबीनं बोलत होती. मला ती मुळीच आवडली नाही, आणि तिनं काहीच वाईट केलेलं नव्हतं म्हणून जास्तच आवडली नाही. तिनं दुधाच्या पंपावरचा डबा उपटला, उलटा केला आणि नखानं पाठ खरवडली. नखात लाल भुगा आला. तिनं तो बोटांवर चोळून बघितला.

“पूजा केली होती का?”

“खंडेनवमीला. का, चालत न्हाई?”

“चालतं की. पण परत लावताना नंबर बघायचा होता, दादा. हा ह्या पंपाचा नाहीच.”

मग ती एकेक पंप बघत निघाली आणि मी मागोमाग. दुधाच्या पंपाचा डबा सापडला बॉयलरच्या मागं, गरम पाण्याच्या पंपावर. फेऱ्या बंद, त्यामुळं खंडेनवमीला डबा चिकटवल्यापासून तिथं कुणी फिरकलेलंच नव्हतं. जवळ गेलो आणि कान लावायचीही गरज पडली नाही. बेअरिंग दगड भरडल्यासारखं वाजत होतं. डबा इतके दिवस जीव तोडून खरं सांगत होता, ते चुकीच्या पंपाच्या नावानं ऐकू येत होतं. साहेब मागून आले, एकदा पंपाकडं आणि एकदा माझ्याकडं बघून म्हणाले, “बघा, मी म्हणत होतो ना? सेन्सर खोटं बोलत नाही.” पूजेला ते स्वतः हात जोडून उभे होते, हे त्यांना आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. खापर शंकरमामांवर फुटलं असतं, आणि त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

लॅपटॉप आवरताना मॅडम म्हणाली, “तुमच्याकडं कापणी चालू असंल.”

“तुमाला काय म्हाईत कापनी?”

“मी पासलीची हाय, दादा. येल्ह्याच्या वर. आमचं बी भातच.”

माझं टाळकं फिरलेलंच होतं. “मग घरचं भात सोडून हितं काय करताय?”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचा अदबीचा सूर गेला. “तुमी काय करताय?”

मी पंपाकडं वळलो. ती पायऱ्या उतरून गाडीत बसली. त्या बाईचा मला नंतर कित्येकदा राग आला, आणि प्रत्येक वेळी मी तिच्या प्रश्नाचं एखादं झणझणीत उत्तर शोधायला बसलो. अजून सापडलेलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा पाऊस लागला होता. सुनंदानं एकटीनं जेवढं कापलं होतं, ते खाचरात आडवं पडून भिजत होतं. ती घरात नव्हती. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ती तात्यांच्या दारात उभी होती. मी अंगणाच्या कडेला, तुळशीपाशी थबकलो. पावसातही तिचा आवाज स्वच्छ येत होता.

“तात्या, त्येंची सावड मोडली आसंल तर मोडू द्या. माझी धरा. उद्यापास्नं ज्याच्या त्याच्या रानात मी येते. एक दिस चुकायची न्हाई.”

“आन् दत्ता?”

“त्येंचं त्येंनी बघावं.”

आत तात्यांनी तळहातावरची तंबाखू झटकली. मग आतून म्हणाले, “बरं. ये उद्या. पयलं तुजंच उचलू.”

दुसऱ्या दिवशी उघाडी होती. सगळी माणसं आली. भिजलेल्या कवळ्या बांधावर उभ्या करून वाळवल्या, राहिलेलं रान कापलं, बायांनी सुनंदाला बसवून ठेवलं आणि तिच्या वाटची ओळही कापली. हे मला तिनं नाही, शेजारणीनं सांगितलं. मी त्या दिवशी रानात नव्हतो. गरम पाण्याच्या पंपाचं बेअरिंग बदलत होतो. फार चांगलं बदललं. त्या पंपानं आजतागायत तक्रार केलेली नाही. घरी मात्र त्या वर्षी निम्म्या भाताला कुबट वास होता. आम्ही वर्षभर तेच खाल्लं.

आता डबे शहाणे झालेत, म्हणजे आम्ही झालो. खंडेनवमीला त्यांना हात लावायचा नाही अशी पाटी लागली आहे. पंपांच्या दुरुस्त्या खरंच कमी झाल्या, मोटरी जळत नाहीत, हे मी नाकारत नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगतो. पण राजू आणि मी पाळ्या बदलत नाही आता. चौदा एप्रिलला तो अर्धी मिरवणूक सोडून येतो, कॉलरला निळा गुलाल लागलेला असतो, आणि आम्ही एकमेकांकडं न बघता चहा पितो. शंकरमामा निवृत्त झाले. साहेबांची बढती झाली. कुणाचंही वाईट झालं नाही, आणि ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. वाईट झालं असतं तर निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

सुनंदा बोलल्याप्रमाणे वागली. त्या वर्षापासून सावड तिच्या नावावर आहे. कापणी लागली की ती विळा कंबरेला खोचते आणि निघते, ताप असो, थंडी असो. गावात आमच्या रानाला आता सुनंदाचं रान म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं, चेष्टेनं म्हणतात. आता नवी पोरंही म्हणतात, ज्यांना चेष्टा ठाऊकच नाही.

परवा आमच्या रानाची पाळी होती. सगळे डबे हिरवे होते. मी रीतसर रजा टाकली, साहेबांनी मान हलवली. विळ्याला धार लावली, टोपी घातली आणि सगळ्यांच्या आधी बांधावर जाऊन उभा राहिलो. माणसं एकेक करून आली. जो तो मला बघून “आज हितं व्हय?” म्हणाला आणि पुढं गेला. तात्या आता काठी टेकत येतात, पण मोजणी तेच करतात. ते बोटानं मोजत माझ्यापाशी आले आणि थांबले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. काही टोचून बोलले असते तरी मला चाललं असतं. ते माझ्याकडं न बघता सुनंदाकडं वळले.

“सुनंदा, ह्यो कुनाच्या वतीनं आलाय?”

आजारातून उठलेला किंवा पहिल्यांदा विळा धरणारा माणूस आमच्या सावडीत अर्धा मोजतात आणि त्याला बांधाकडची आखूड ओळ देतात. सुनंदानं पदर खोचला, माझ्या हातांकडं एकदा बघितलं.

“माझ्याच,” ती म्हणाली. “अर्धा धरा.”

तात्यांनी मान डोलावली आणि काठीनं बांधाकडची ओळ दाखवली. मी तिथं जाऊन वाकलो. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.